जोरात मारणाऱ्यासमोर कसं खेळायचं? अलीची दोरावरची आयडिया तीन राउंडात चालते का?

पंचवटीकर:

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटचे धागे पोत्याने आहेत, बॉक्सिंगचे शोधून शोधून दोन सापडले आणि दोन्हींचं काश्मीर झालेलं (वादात विषयच भरकटलेला), म्हणून नवीन काढतोय.

मी नाशकात एका क्लबात खेळतो, वजन सत्तरच्या आसपास. आमच्याच गटात एक पोरगा आलाय, त्याचा राइट हँड (मागच्या उजव्या हाताचा ठोसा) असा आहे की गार्डवर, म्हणजे तोंडासमोर धरलेल्या हातांवर घेतला तरी हाताला मुंग्या येतात. टेक्निक म्हणाल तर फार काही नाही, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकतो तो नुसता अंतर मोजायला, डोकं हलवत नाही, पण एक नीट बसला की बाउट संपली. निवड चाचणीत तो माझ्यासमोर येणार हे जवळजवळ ठरलेलंच आहे. तर परवा मुहम्मद अली विरुद्ध जॉर्ज फोरमन ही किन्शासाची जुनी बाउट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, की दोराला टेकायचं, गार्ड घट्ट ठेवायचा, मारू दे त्याला किती मारायचं ते, दमला की मग आपण सुरू. सरांना सांगितलं तर म्हणाले डोकं ठिकाणावर आहे का, गप जॅब मार. का नाही ते काही सांगितलं नाही. जॅब मारतोच की मी.

जाणकारांनी उजेड पाडावा. अमॅच्युअर, तीन राउंड, तीन-तीन मिनिटं. दोघंही उजवे. मी त्याच्यापेक्षा दोन-अडीच इंच उंच.

कट्टेकरी:

पळायचं. पुढचा प्रश्न?

ठोसेबाज:

कट्टेकरी, तुमचा प्रतिसाद वाटतो तितका चुकीचा नाहीये, पण त्यावर नंतर येतो.

पंचवटीकर, सर बरोबर बोलले, फक्त कारण सांगायला हवं होतं. किन्शासाची ती बाउट लोक आठव्या राउंडपासून उलटी बघतात, म्हणजे अलीने आठव्यात नॉकआउट केलं हा शेवट माहीत असतो म्हणून आधीचं सगळं प्लॅन होतं असं वाटायला लागतं. ३० ऑक्टोबर १९७४. फोरमन २५ वर्षांचा, ४० पैकी ४० जिंकलेला आणि त्यातल्या ३७ नॉकआउटने. फ्रेझरला दोन राउंडात सहा वेळा खाली पाडलेलं, नॉर्टनलाही दोन राउंडात गुंडाळलेलं, आणि या दोघांनीही अलीला आधी हरवलेलं होतं. अली ३२ चा. तो हरेल असंच बहुतेकांना वाटत होतं, काहींना तर त्याच्या जिवाची काळजी होती.

आता पहिला राउंड परत बघ. अली दोराकडे जात नाहीये. मधे येऊन थेट मागचा उजवा हात मारतोय, जॅबची प्रस्तावना न करता. असा पंच लांबून येतो, दिसतो, म्हणून चांगल्या बॉक्सरसमोर सहसा कोणी मारत नाही, आणि म्हणूनच फोरमनने त्याची अपेक्षा केली नव्हती. बरेच लागले. तरी गडी हलला नाही. वर फोरमन रिंग कापण्यात पक्का होता, अली गोल फिरायला गेला की हा एक पाऊल तिरकं टाकून वाट अडवायचा, म्हणजे अलीची दोन-तीन पावलं जायची तिथे याचं एकच. त्या दमट हवेत पंधरा राउंड असं फिरणं शक्य नाही हे अलीला कळलं आणि दुसऱ्या राउंडपासून तो दोराला लागला. त्याचा स्वतःचा कोच अँजेलो डंडी कॉर्नरमधून ओरडत होता की दोर सोड म्हणून!

आणि दोरावर तो नुसता मार खात नव्हता हे लक्षात घे. मागे रेलून डोकं फोरमनच्या टप्प्याबाहेर ठेवलेलं, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, ठोसे दंडावर नाहीतर गार्डवर. फोरमनचे हात बाहेरून वळसा घेऊन यायचे, त्या फटीतून अलीचे सरळ पंच तोंडावर. जवळ आला की मान धरून खाली दाबायची, म्हणजे ९८ किलोचा माणूस तुमच्या मानेवर. हे सगळं करून पाच-सहा राउंड गेल्यावर फोरमनचे हात जड झाले.

तुझ्याकडे राउंड आहेत तीन. पहिला नुसता गार्ड धरून घालवलास की १०-९ (राउंड जिंकणाऱ्याला दहा, दुसऱ्याला नऊ) त्याला, दुसराही तसाच, मग तिसऱ्यात तो दमलेला असला तरी नॉकआउटशिवाय काय करशील? आणि मधे रेफरीला वाटलं की हा उत्तर देत नाहीये तर स्टँडिंग काऊंट (उभा असतानाच आठपर्यंत मोजणं) देईल किंवा सरळ थांबवेल. अमॅच्युअरचा रेफरी तुला आठव्या राउंडपर्यंत वाट बघू देणार नाही, कारण आठवा राउंडच नाही.

तांबडी_माती:

बॉक्सिंगमधलं कळत नाही, आम्ही कोल्हापूरकडचे, पण दमवून मारणं म्हणजे काय ते तालमीत बघितलंय. ताकदीच्या गड्याला आपल्या अंगावर रेटू द्यायचं, त्याचं वजन त्यालाच वाहायला लावायचं, आणि दम फुलला की पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचं. पण त्यात सुद्धा हातपाय सोडून उभं राहायचं नसतं, प्रत्येक रेट्याला थोडा तरी काटशह असतो, नाहीतर समोरचा दमतच नाही. एक विचारतो, हा जोर येतो कुठून? आमच्या गावात एक किडकिडीत पोरगं होतं, त्याची थप्पड बसली की चार दिवस कान वाजायचा.

अकोलेकर:

पोरांना शिकवतो म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

जोर दंडातून येत नाही. मागच्या पायाची टाच फिरते, कंबर फिरते, खांदा फिरतो आणि मग हात जातो. म्हणून किडकिडीत पोरगं पण वाजवतं आणि जिमवाला बावीस इंची दंडवाला कधी कधी नुसता ढकलतो. आता यातूनच उत्तर निघतं. जोरात मारायला माणसाला तीन गोष्टी लागतात, पाय जमिनीत रोवलेले, हात पूर्ण सुटायला पुरेल एवढं अंतर, आणि तू तिथेच असशील याची खात्री. तिन्ही एकदम काढून घ्यायला कुणालाच जमत नाही, पण त्याच्या प्रत्येक पंचाच्या वेळी यातली एक जरी काढलीस तरी तोच हात अर्धा होतो.

म्हणजे एक तर हाताच्या टप्प्याबाहेर, नाहीतर एकदम छातीला छाती. मधलं जे अंतर आहे ना, जिथे तुला वाटतं की मी पण मारू शकतो आणि तो पण, तिथे रेंगाळायचं नाही. तिथून फक्त जायचं-यायचं. नवीन पोरं नेमकी तिथेच उभी राहून हिशोब चुकता करायला जातात, एक खाल्ला की दोन द्यायचे. अशा वेळी त्याच्या एकाची किंमत तुझ्या पाचाएवढी असते, हा सौदा करूच नको.

सर जॅब मार म्हणाले त्याचा अर्थ वेगळा असणार. तू "मारतोच की" म्हणतोस तो बहुतेक डोक्यावर टिकटिक करणारा असेल. जोरात मारणाऱ्याला जॅब मारायचा तो तो पाय रोवत असताना. तो सेट झाला, आता सुटणार, त्याच्या आधी एक निब्बर जॅब छातीच्या मधे. छाती हलत नाही, लपत नाही, डोक्यासारखी निसटत नाही. मार्क मिळो न मिळो, त्याचा तोल टाचेवर जातो आणि त्याला पहिल्यापासून सेट व्हायला लागतं. असं राउंडात दहा-बारा वेळा झालं की तो चिडतो, आणि चिडलेला माणूस लांबून हात फिरवायला लागतो.

सरळ मागे जायचं नाही. ही एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेव. सरळ मागे गेलास की त्याला पुढे यायला मोकळा रस्ता आणि त्याचा पंच तुझ्या मागे जाण्यापेक्षा लांब पोचतो. एक पाऊल मागे ठीक, दुसरं बाजूला.

डावखुरा:

अकोलेकर सर +१. बाजूला म्हणजे कुठल्या बाजूला ते लिहायचं राहिलं, तिथेच सगळी गोची होते.

पंचवटीकर, दोघंही उजवे ना, मग त्याचा धोक्याचा हात तुझ्या डावीकडून येतो. उजव्या बॉक्सरला जॅब मारत डावीकडे सरकणं सोपं जातं, म्हणून सगळे आपोआप तिकडेच जातात आणि चालत चालत राइट हँडच्या तोंडात. तू तुझ्या उजवीकडे सरक. सुरुवातीला विचित्र वाटेल, पाय अडकल्यासारखे होतात, जॅब पण नीट जात नाही, सवय करावी लागते. त्या बाजूला त्याचा लेफ्ट हुक (बाजूने वळून येणारा डावा ठोसा) आहे हे विसरू नको, पण तू म्हणतोस तसा त्याचा डावा हात नुसता मोजमापाचा असेल तर कमी धोक्याकडे जाणं केव्हाही बरं. समोर फ्रेझरसारखा लेफ्ट हुकवाला असता तर बरोब्बर उलटं सांगितलं असतं.

आणि समोर माझ्यासारखा डावरा आला तर उलट तुझ्या डावीकडे, त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर तुझा पाय. पण ते सध्या सोड, गोंधळ होईल.

कट्टेकरी:

थोडक्यात पळायचं, पण उजवीकडे.

डावखुरा:

हसून हसून पुरेवाट. हो, जवळपास तेच.

न्यूजर्सीकर:

छान चाललाय धागा, वाचनखूण साठवली. फक्त एक उलटं मत मांडतो. सगळे लांब राहा, फिरत राहा म्हणतायत, पण गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात चांगलं उदाहरण बरोबर विरुद्ध आहे. डिऑन्टे वाइल्डर. टायसन फ्युरीशी पहिल्यांदा भिडला तेव्हा ४० बाउट, ४० विजय, ३९ नॉकआउट. डिसेंबर २०१८ मधे लॉस एंजेलिसला फ्युरीने त्याला लांबून अकरा-बारा राउंड नाचवलं, वाइल्डर हवेत मारत होता, तरी नवव्यात एकदा आणि बाराव्यात एकदा फ्युरी खाली गेलाच. बाराव्यातला तर असा पडला होता की मी टीव्हीसमोर उभा राहून डोक्याला हात लावला, आणि तो उठला! बाउट ड्रॉ.

मग २२ फेब्रुवारी २०२०, लास वेगास. फ्युरीने कोच बदलला, शुगरहिल स्टुअर्ड आला, वजन वाढवून २७३ पौंडावर आला आणि पहिल्या घंटेपासून चालत पुढे. का, तर वाइल्डरला तो राइट हँड सोडायला मागचा पाय रोवून पुढे झेपावायला जागा लागते. त्याला उलटं चालायला लावलं की पाय रोवतच नाही. वर प्रत्येक क्लिंचमधे (एकमेकांना धरून अडकवतात तेव्हा) फ्युरी अंगावर झुकायचा. तिसऱ्यात पाडला, पाचव्यात पाडला, सातव्यात वाइल्डरच्याच कॉर्नरमधून टॉवेल आला, म्हणजे हार मान्य. म्हणजे ज्याला सगळे घाबरून लांब राहत होते त्याला ढकलत नेणं हाच उपाय निघाला. धडाकेबाज मारणाऱ्यांना मागे जाऊन खेळायची सवयच नसते, कारण कुणी त्यांना कधी मागे ढकललेलंच नसतं.

ठोसेबाज:

न्यूजर्सीकर, मुद्दा मान्य, पण फ्युरी पावणेसात फूट उंच आणि वाइल्डरपेक्षा चाळीसेक पौंड जड होता हे पण लिहा की! पंचवटीकरला वजन गट आहे, दोघं एकाच काट्यावर उभे राहणार.

आणि पुढे जाऊन मारायच्या मोहात काय होतं त्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण, जून १९४१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, बिली कॉन विरुद्ध जो लुईस. कॉन लाइट हेवीवेटचा (एक वजनगट खालचा), लुईस त्याच्यापेक्षा निदान २५ पौंड जड. बारा राउंड कॉनने लुईसला असं खेळवलं की दोन जजच्या कार्डांवर तो पुढे होता आणि तिसऱ्यावर बरोबरी. नुसते तीन राउंड हातपाय चालवले असते तर जगज्जेता. बाराव्यात त्याने लुईसला हादरवलं, मग वाटलं आता पाडूनच टाकू. तेराव्यात उभा राहून मारामारी करायला गेला आणि राउंड संपायला दोन सेकंद असताना नॉकआउट.

न्यूजर्सीकर:

लुईस-कॉन मान्य. पण तो पुढे गेला म्हणून नाही हरला, तो मधल्या अंतरात उभा राहिला म्हणून हरला. अकोलेकरांनी वर लिहिलंय तेच. फ्युरी पुढे गेला तो एक तर जॅबच्या मागून, नाहीतर थेट अंगाला अंग. दोघांत फरक आहे.

आणि वजन जास्त नसताना पुढे जाणारेही आहेत. इव्हँडर होलिफिल्ड नोव्हेंबर १९९६ मधे माइक टायसनसमोर उतरला तेव्हा लोक त्याला संपलेला समजत होते, त्याने टायसनला छातीने मागे रेटला, टायसन आत घुसला की धरला, सुटताना मारला, अकराव्यात रेफरीने थांबवली. टायसनला मागे जाताना बघायची लोकांना सवयच नव्हती.

तांबडी_माती:

हे आता पटलं. खडाखडीतच (सुरुवातीच्या झटापटीत) समोरच्याला एक पाऊल मागे घ्यायला लावलं की अर्धी कुस्ती झाली. चालू द्या, मी वाचतोय.

रागिणी_साठकिलो:

मोठ्या नावांवरून जरा खाली येऊ का? पंचवटीकरला चाचणी खेळायची आहे, किन्शासाला जायचं नाहीये.

मी मुलींत खेळते, आमच्या क्लबात माझ्या वजनाच्या मुली नाहीत म्हणून वर्षानुवर्षं मुलांशीच स्पारिंग (सरावाची लढत). म्हणजे समोरचा कायम माझ्यापेक्षा जोरात मारणारा. त्यातून कामाच्या वाटलेल्या गोष्टी लिहिते.

एक म्हणजे न दिसलेला पंच पाडतो. दिसलेला कितीही जोरात असला तरी शरीर काहीतरी करतं, मान घट्ट होते, थोडं वळतं, हनुवटी खाली जाते. म्हणून डोळे मिटायचे नाहीत आणि नजर ग्लोव्हवर ठेवायची नाही, छातीवर ठेवायची, खांदा हलला की कळतं. प्रत्येक जोरात मारणारा आधी काहीतरी चुगली करतो, कुणाची कोपर बाहेर जाते, कुणी श्वास ओढून घेतो, कुणी जॅबचा हात जरा खाली सोडतो. पंचवटीकर, तो तुमच्याच गटातला आहे म्हणतोस, मग त्याच्या बाउट मोबाइलवर घे आणि आवाज बंद करून फक्त राइट हँडच्या आधीचा क्षण बघ.

दुसरं, फिंट, म्हणजे हुलकावणी. जोरात मारणाऱ्यांना काऊंटर (तुझ्या ठोशावर उलट ठोसा) मारायची घाई असते. खोटा जॅब दाखव, खांदा हलव, त्याने मोठा हात सोडला की तो हवेत जातो, आणि हवेत गेलेला मोठा हात माणसाला जेवढा दमवतो तेवढा लागलेला दमवत नाही. अलीने जे दोरावर केलं ते तू तीन राउंडात असं करू शकतोस, मार न खाता.

तिसरं म्हणजे क्लिंच. शिकवतच नाहीत कुणी. हात गळ्यात टाकून लोंबकळणं म्हणजे क्लिंच नव्हे, त्याला अमॅच्युअरमधे लगेच वॉर्निंग येते. त्याचा राइट हँड निघाला की लांब पळण्याऐवजी आत पाऊल टाक, खांदा त्याच्या छातीला, डोकं त्याच्या खांद्याच्या बाजूला (समोर नको, डोकी आपटतात), आणि तुझा डावा हात त्याच्या उजव्या दंडावर कोपराच्या वर. त्याचा हात तुझ्या मानेमागून निघून जातो. रेफरी ब्रेक म्हणेपर्यंत एक श्वास मिळतो. सारखं केलंस तर मार्क कापतील, राउंडात दोन-तीनदा पुरे.

पंचवटीकर:

रागिणीताई, हे भारी आहे. मोबाइलवर बघितल्या त्याच्या दोन बाउट. राइट हँडच्या आधी डावा पाय जरा बाहेर टाकतो, दर वेळी! आधी कधी लक्षच गेलं नव्हतं.

पण एक प्रश्न, हे सगळं करूनसुद्धा एखादा बसणारच ना? तेव्हा काय?

ठोसेबाज:

बसणार. न बसेल असा प्लॅन जगात कुणाकडे नाही. बस्टर डग्लसने ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत टायसनला हरवलं, डग्लसवर ४२ ला १ असा सट्ट्याचा भाव होता, त्यात डग्लस पण आठव्या राउंडात पडला होता. पण उठला, नववा राउंड परत जॅबने सुरू केला आणि दहाव्यात टायसनला आडवा केला. म्हणजे पडल्यानंतरचा पण प्लॅन पाहिजे.

सगळ्यात शहाणं उदाहरण नाओया इनोए, मे २०२४, टोकियो डोम, समोरच्या लुईस नेरीने त्याला पहिल्याच राउंडात पाडला. जपानी लोकांचा जीव घशात आलेला. गडी लगेच उठला नाही, गुडघ्यावर थांबून आठपर्यंत मोजू दिलं, मग उठला, आणि सहाव्यात नेरीला संपवला. तुमच्याकडे तर आठचा काऊंट सक्तीचाच आहे, पटकन उठून शूरपणा दाखवायचं काहीच कारण नाही. उभा असताना हादरलास तर क्लिंच, नाही जमलं तर गार्ड बंद करून बाजूला. हादरलेला असताना उलट मारायला जायचं नाही. नेमकं तेव्हाच सगळ्यांना मारावंसं वाटतं.

शंखपुष्पी:

मी फिजिओ आहे, खेळाडूंबरोबर काम करते, धागा वाचून राहवलं नाही म्हणून आयडी काढला.

अलीची दोरावरची आयडिया चालली म्हणून सगळे सांगतात, तिचं बिल कुणी वाचत नाही. त्यानंतर अली दोरावर जास्तच खेळायला लागला, सरावातही स्पारिंग पार्टनरला मारू द्यायचा. २९ सप्टेंबर १९७७ ला अर्नी शेव्हर्सशी पंधरा राउंड खेळला, शेव्हर्स म्हणजे त्या काळातला सगळ्यात जोरात मारणारा मानला जायचा, अली पॉइंटवर जिंकला, पण त्याचे स्वतःचे डॉक्टर फर्डी पाचेको त्यानंतर टीम सोडून गेले, कारण त्यांचं म्हणणं होतं की आता थांब आणि तो थांबला नाही. १९८४ मधे पार्किन्सनचं निदान. कशाने किती झालं यावर डॉक्टर वाद घालत बसतील, पण ठोसे मोजून खाण्याचा उपाय कुठल्याही पोराने उचलू नये एवढं मी नक्की म्हणेन.

पंचवटीकर, स्पारिंगमधे डोक्याला जोरात लागलं, नंतर डोकं दुखलं, उलटीसारखं झालं, उजेड सहन होईना, झोप बिघडली, तर "जरा गरगरलं" म्हणून दुसऱ्या दिवशी परत रिंगमधे जायचं नाही. डोक्यावर मार लागून नॉकआउट झालं तर कमीत कमी ३० दिवस स्पारिंग पण बंद असा अमॅच्युअर बॉक्सिंगमधला नियम आहे, तो उगाच नाही. आणि हेडगार्डवर भरवसा ठेवू नको, तो कापलं-फुटलं वाचवतो, मेंदू आत हलायचा तो हलतोच.

अकोलेकर:

ताई, फार बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे अजून "मार खाल्ल्याशिवाय बॉक्सर होत नाही" म्हणणारे आहेत. मी पोरांच्या पालकांना हे वाचायला देणार आहे.

पंचवटीकर, चाचणीआधी त्या पोराशी फुल स्पारिंग करत बसू नको. त्याऐवजी सरांना सांगून अटीवरचं स्पारिंग घे. समोरच्याने फक्त राइट हँड मारायचा, अर्ध्या जोरात, आणि तू फक्त जॅब आणि पाय. मग एक राउंड तुला पाठ दोराला लावून सुरू करायचा आणि एकही पंच न मारता तिथून बाहेर पडायचं, अर्धा मिनिट झालं की परत दोराला. हे कंटाळवाणं आहे पण कामाला येतं, कारण जोरात मारणारा तुला शेवटी तिथेच नेणार.

बॉडीवर मारायचं विसरू नको. तुझी उंची जास्त म्हणून तू सगळं डोक्यावर मारत असशील. खाली मारताना गुडघे वाकव, कमरेतून वाकू नको, नाहीतर तुझं डोकं आयतं त्याच्या अपरकटवर (खालून वर येणाऱ्या ठोशावर). पहिल्या राउंडात पोटात गेलेले चार तिसऱ्यात दिसतात, आणि जोरात मारणाऱ्याचा दम तसाही कमी असतो, प्रत्येक हात तो पूर्ण सोडतो ना.

ठोसेबाज:

दमावरून आठवलं, सध्याच्यातलं बघायचं तर बिव्होल-बेतरबिएव्हच्या दोन्ही बाउट लागोपाठ बघ. बेतरबिएव्ह २० पैकी २० नॉकआउट घेऊन आलेला. ऑक्टोबर २०२४ ला रियाधमधे बिव्होलने सुरुवातीला मस्त खेळवला, दोन-तीन पंच आणि बाहेर, दोन-तीन आणि बाहेर, पण शेवटच्या राउंडांत मागे मागे जात गार्ड धरून बसला आणि थोडक्यात हरला. फेब्रुवारी २०२५ ला परत रियाधमधेच, या वेळी सुरुवात बेतरबिएव्हची चांगली झाली, पण मधल्या राउंडांपासून बिव्होल त्याच्या पंचानंतर लगेच उत्तर देत राहिला, शेवटपर्यंत, आणि तितक्याच थोडक्यात जिंकला. गार्डवर घेऊन गप्प बसणं आणि गार्डवर घेऊन दोन परत देणं, जजला या दोन वेगळ्या बाउट दिसतात.

कट्टेकरी:

मी पळायचं म्हणालो तेव्हा कुणी एवढे पुरावे दिले नाहीत. बाय द वे, अली विरुद्ध टायसन, दोघंही ऐन भरात, कोण?

डावखुरा:

नको. प्लीज नको. वेगळा धागा काढा.

पंचवटीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना आज धागा वाचून दाखवला, हसले, म्हणाले मी काय वेगळं सांगत होतो. जे समजलंय ते लिहितो, चुकलं तर सांगा. पहिला राउंड लांबून, जॅब छातीवर, उजवीकडे सरकत, डावा पाय बाहेर पडला की एक तर मी तिथे नसणार नाहीतर त्याच्या छातीला चिकटलेला असणार. दुसऱ्यात खोटे जॅब जास्त आणि बॉडीवर. तिसऱ्यात तो दमलेला असेल, तेव्हा मधे उभा राहून राइट हँड लीड (जॅब न टाकता थेट उजवा), अलीसारखा, आणि संपवायचं.

अकोलेकर:

पहिले दोन बरोबर. तिसरं खोडून टाक. दोन राउंड घेतलेस तर तिसऱ्यात पण पहिल्यासारखंच खेळायचं, कंटाळा आला तरी. दमलेला असला तरी त्याचा राइट हँड त्याच्याकडेच असतो, आणि तिसऱ्या राउंडात तू पण दमलेला असशील, पाय जड, हनुवटी वर. वर बिली कॉनचं लिहिलंय ते परत वाच. लीड मारायचाच असेल तर पहिल्या मिनिटात एकदा मार, पाय ताजे असताना, आणि मारून लगेच आत घुसून धर, म्हणजे बाकीचे आठ मिनिटं तो त्या हाताची वाट बघत बसेल आणि स्वतःचा सोडायला कचरेल. आणि चाचणीच्या आठवड्यात वजन उतरवायला पाणी तोडू नको, कोरड्या अंगाने जोरात मारणाऱ्यासमोर जायचं नसतं, शंखपुष्पीताई त्यावर जास्त सांगतील.

शंखपुष्पी:

सांगते, पण उद्या. क्लिनिकमधे आहे. तोवर रोज सकाळी रिकाम्या पोटी वजन करून लिहून ठेव, म्हणजे किती उतरवायचंय ते आधी कळेल.